आठ चेंडूंचं षटक

नमस्कार मंडळी.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवताना इंग्रजीतला एक शब्द मला सगळ्यात जास्त छळतो. त्याच्याबद्दल बोलते. शब्द साधा आहे: ओव्हर. आपल्या पिढीने घोकलं होतं, ऑन म्हणजे वर, अबव्ह म्हणजे वर आणि ओव्हर म्हणजेसुद्धा वर. इथे वाढलेली मुलं उलट्या दिशेने येतात. 'गोइंग ओव्हर टू आजीज प्लेस' असं मनात आलं की वहीत उतरतं, 'मी आजीच्या वर जातो.' आजी तळमजल्यावर राहते!

मुलांचं तरी काय चुकलं? आपणच त्यांना 'वर' एवढंच सांगितलेलं असतं. या शब्दाचा जीव खरा ओलांडण्यात आहे. कुंपणावर उडी मारणारा क्षणभर कुंपणाच्या वर असतो, पण निघालेला असतो पलीकडे. बघा, मी स्वतःच आत्ता 'कुंपणावर उडी' म्हणाले आणि मागच्या रांगेतल्या काकूंनी लगेच तोंड वाकडं केलं. बरोबर आहे, 'कुंपणावरून' हवं. कुंपणावरून उडी, पुलावरून गाडी, डोक्यावरून पाणी. 'वर'ला 'ऊन' लागलं की थांबण्याची जागा जाण्याची वाट होते. इंग्रजीला ही दोन्ही कामं एकट्या ओव्हरकडून करून घ्यावी लागतात.

आता क्रिकेट, कारण त्याशिवाय तुम्ही मला इथून उतरू देणार नाही. सहा चेंडू झाले की पंच 'ओव्हर' म्हणतो. त्यात वर काय आहे? काहीच नाही. या टोकाचं काम झालं, आता त्या टोकाकडे चला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ती चेंडूंची मोजणी नव्हे, बाजू बदलण्याची हाक होती. म्हणून तर चेंडू कितीही चालायचे. १७४४ च्या पहिल्या लेखी नियमांत एका ओव्हरमध्ये चार होते, इंग्लंडमध्ये १८८९ पासून पाच झाले आणि १९०० पासून सहा.

आपण मात्र तिला 'षटक' म्हटलं. शब्द सुरेख आहे. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेली माणसं या सभागृहात आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. पण षटक म्हणजे सहांचा गट. इंग्रजांनी टोकाकडे बघून नाव दिलं, आपण आकड्याकडे बघून. आणि आपण येऊन राहिलो कुठे, तर ऑस्ट्रेलियात! इथे १९३६-३७ पासून १९७८-७९ पर्यंत कसोटीत आठ चेंडूंची ओव्हर होती. १९७७-७८ मध्ये बिशनसिंग बेदींचा भारतीय संघ इथे आला तेव्हाही आठच. ती मालिका आपण ३-२ अशी हरलो, पण मेलबर्नला चंद्रशेखरने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले, गावसकरांनी दुसऱ्या डावात ११८ केल्या आणि ऑस्ट्रेलियातला पहिला कसोटी विजय मिळाला. चंद्राच्या त्या ओव्हरना मराठीत काय म्हणायचं? आठ चेंडूंचं षटक म्हणजे सात दिवसांचा पंधरवडा. 'अष्टक' म्हणायला जावं तर लग्नात उभं राहिल्यासारखं वाटतं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, विक्रमही त्याने हलतात. नाशिकचे बापू नाडकर्णी घ्या. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, त्यातली २७ निर्धाव, फक्त ५ धावा. सलग २१ षटकं निर्धाव! हा विक्रम त्यांचाच. पण धाव न देता टाकलेले सलग चेंडू मोजले तर नाडकर्णींचे १३१ होतात आणि दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डचे १३७. टेफील्डने ते १९५७ मध्ये डर्बनला आठ चेंडूंच्या ओव्हरमध्ये टाकले होते, म्हणून निर्धाव ओव्हर मोजताना तो मागे पडतो. माझं मत विचाराल तर मी नाडकर्णींच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण देणार नाही.

'ओव्हर द विकेट'चीही तीच गत. विकेटच्या वरून कोणीही जात नाही. उजव्या हाताचा गोलंदाज यष्ट्यांच्या डावीकडून येतो, चेंडू टाकणारा हात यष्ट्यांच्या बाजूला राहतो, इतकंच.

वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. सिनेमातला इन्स्पेक्टर 'ओव्हर अँड आउट' म्हणतो तेव्हा तो एका दमात बोल आणि गप्प बस असं दोन्ही सांगत असतो.

घरच्या मराठीत तर हा शब्द आता विशेषण होऊन बसला आहे. 'जरा ओव्हर होतंय हं,' 'ओव्हर करू नकोस.' तिथे आपलं 'अति' चांगलं खणखणीत असताना याची गरज काय, असं मला वाटायचं. पण 'अति करतोस' म्हटलं की भांडण होतं आणि 'ओव्हर करतोस' म्हटलं की समोरचा हसतो, तेव्हा राहू दे.

कार्यकारिणीने मात्र 'ओव्हरसाइट' शब्द जपून वापरावा. त्याचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा नजरचूक. आपल्या बांधकाम खात्यातला ओव्हरसियर त्यातल्या पहिल्या अर्थाचा, निदान नेमणुकीच्या कागदावर.

शेवटी आपल्या सगळ्यांच्या कपाटातला ओव्हर: ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड. इथे तो अगदी मूळच्या अर्थाने आहे, समुद्र ओलांडून पलीकडे गेलेला. त्यातला 'सिटिझन' तेवढा शब्दशः घेऊ नका. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट निराळी. गावाकडच्या भावाने सातबारा पाठवून 'शेजारचं वावर विकायला निघालंय, घेतोस का' असं विचारलं, तर हो म्हणण्याआधी वकिलाला विचारा. आणि कार्डाच्या अर्जाबद्दल मला विचारू नका, त्यासाठी दाराजवळ टेबल मांडलंय.