मागील बाकी

श्रोतेहो, नमस्कार.

परभणीच्या मोंढ्यात माझे मामा एका आडत दुकानावर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाला लाल कापडाच्या बांधणीच्या नव्या वह्या यायच्या. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर 'श्री'. पूजा आटोपली की मामा जुनी वही मांडीवर घेऊन एकेक खातं नव्या वहीत उतरवायला बसत. प्रत्येक खात्याची पहिली ओळ ठरलेली असे : मागील बाकी. "वही नवी आहे तर जुनं कशाला लिहिता?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कागद बदललाय, बापू. शेतकरी तोच हाय ना."

परवा नांदेडला शिकणाऱ्या पुतण्यानं विचारलं, "काका, स्पायडरमॅनचा पहिला अंक निघतो तरी किती वेळा?" आणि मला ती वही आठवली.

प्रश्न रास्त आहे. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' हे मासिक 1963 साली सुरू झालं. 1999 मध्ये त्याचा क्रमांक पुन्हा एकवर आणला. पुढे 2014, 2015, 2018, 2022, असा दर थोड्या वर्षांनी नवा 'अंक 1' येत राहिला. माणूस तोच, पीटर पार्कर. मग असं का करतात?

कारण धंद्यात आहे. अमेरिकेत ही मासिकं मुख्यतः कॉमिक्सच्या खास दुकानांतून विकली जातात. दुकानदार आधी मागणी नोंदवतो आणि उरलेला माल सहसा परत करता येत नाही. त्यामुळे तो हात राखून मागवतो. एखादी मालिका पाचशे-सहाशे अंकांवर पोचली, की नवा वाचक ती हातात घ्यायला बिचकतो. मागचं काहीच ठाऊक नाही, आता कुठून शिरायचं? 'अंक 1' दिसला की तो धीर करतो. संग्राहकही पहिला अंक आवर्जून घेतात, एकाच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं घेतात. 1991 मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या 80 लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण हा खप दुकानदारांनी उचललेल्या प्रतींचा. मोंढ्यातून पोती उठली म्हणजे ज्वारी दळली गेली असं होत नाही. कितीतरी प्रती न वाचताच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद झाल्या. कॉमिक्स वाचण्यासाठी असतं असं मानणाऱ्या मला याचं आजही वाईट वाटतं.

मात्र प्रत्येक नवी सुरुवात केवळ विक्रीसाठी असते, असं मी म्हणणार नाही. 1956 साली डीसी या कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीनं फ्लॅश हा वेगानं धावणारा नायक नव्यानं घडवला. नाव तेच ठेवलं. माणूस, पोशाख आणि कथा बदलल्या. थंडावलेल्या सुपरहिरोंना त्यातून नवी उभारी मिळाली. जुन्या फ्लॅशचं काय, या प्रश्नालाही त्यांनी 1961 मध्ये उत्तर दिलं : तो दुसऱ्या पृथ्वीवर आहे, आणि दोघांची भेट घडवून आणली. पुढे अशा पृथ्व्या इतक्या वाढल्या, की 1985 मध्ये बारा अंकांची एक मोठी कथा रचून त्या आवराव्या लागल्या.

आता 2011 कडे येऊ. त्या वर्षी डीसीनं एका झपाट्यात 52 मालिका अंक 1 पासून काढल्या. त्यात 'ॲक्शन कॉमिक्स'ही होतं, म्हणजे 1938 साली ज्यात सुपरमॅन जन्मला ते मासिक. 904 अंकांची वही मिटली. बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांची बरीचशी बाकी पुढे ओढली. सुपरमॅनचं मात्र लोइस लेनशी 1996 साली लागलेलं लग्नच पुसून टाकलं. एकाच दुकानात एका कुळाची बाकी धरली, दुसऱ्याची सोडली. वाचकाला कोणती गोष्ट घडलेली मानायची तेच कळेना. ज्यानं वीस-वीस वर्षं पैसे आणि जीव दोन्ही लावले, त्याच्या खात्यावर शून्य मांडलं. मला हा अन्याय वाटतो.

पाच वर्षांनी, 2016 मध्ये, त्यांनी हिशोब दुरुस्त केला. आधीचे 904, मधल्या काळातले 52, एकूण 956. म्हणून 'ॲक्शन कॉमिक्स'चा पुढचा अंक निघाला 957 क्रमांकाचा. लग्न झालेला, एका मुलाचा बाप असलेला आधीचा सुपरमॅनही परत आला. एप्रिल 2018 मध्ये त्या मासिकानं हजारावा अंक पाहिला. ही बेरीज मी पुतण्याला कागदावर करून दाखवली तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, सुरुवात कुठून करू? मी त्याला सांगितलं, अंक 1 खुशाल घे, तो तुझ्यासाठीच काढलेला असतो. पण चार-पाच अंक वाचून झाले आणि नायक आवडला, की त्याचे जुने अंक शोध.

आता तो स्पायडरमॅनचे अगदी सुरुवातीचे अंक वाचतो आहे. काल रात्री फोन आला होता. पीटरच्या बेनकाकांच्या मृत्यूपर्यंत पोचला होता, आणि फार बोलत नव्हता.

नमस्कार.