विहीर आणि पेव

(सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातील एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलांपुढे दिलेलं व्याख्यान.)

मुलांनो, जरा पुढे सरकून बसा. टेबलावर मी दोन वस्तू आणल्यात. एक आहे जुन्या सायकलचं मागचं चाक, पेडल, दिवा आणि डायनामोसकट. डायनामो म्हणजे चाक फिरलं की वीज करणारं छोटं यंत्र. दुसरा हा काळपट, चपटा दगड. आधी चाक बघू.

इकडे ये गं. हे पेडल हाताने फिरव. लागला दिवा? शाब्बास. आता मी वायर काढतो, तू फिरवत राहा. कसं वाटतंय? हलकं झालं ना? आता परत जोडतो. बघा, हिचा हात अडला! दिवा पेटला की पेडल जड होतं. वीज कुठून येते, हे आज मला तुम्हाला सांगायचंय, आणि ते या जडपणापासूनच सुरू होतं. दिवा फुकट लागत नाही, कुणाला तरी जोर लावावा लागतो. आत्ता तो हिने लावला. सकाळी खाल्लेल्या भाकरीचा जोर हातात आला, हातातून चाकात गेला आणि चाकातून दिव्यात.

मी आयुष्यभर कोयनेच्या वीजघरात नोकरी केली. तिथली यंत्रं या डायनामोची थोरली भावंडंच म्हणा. आतून तेच, चुंबक आणि तारेची वेटोळी. औष्णिक केंद्र असो, धरण असो की आपल्या वनकुसवड्याच्या पठारावरची पवनचक्की, सगळीकडे हेच चाललंय. फरक एवढाच, की पेडल कोण मारतंय. सौर पॅनेल तेवढं वेगळं. त्यात काही फिरत नाही, ऊन पडलं की थेट वीज.

तर पेडल कोण मारतंय? चंद्रपुरात ते कोळसा मारतो. तिथल्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेच्या जोरावर चक्र फिरवायचं. आता हा दगड हातोहात पुढे द्या. जपून, पडला तर फुटेल. कोळशाच्या थराला लागून असा दगड निघतो. तिरका धरून उजेडात बघा. काय दिसतंय? पान! मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. जिभेसारखं लांबट आहे, म्हणून शास्त्रज्ञांनी नावही तसंच ठेवलं, ग्लॉसोप्टेरिस. हे पान 25 कोटी वर्षांहून जुनं आहे. तेव्हा डायनासोरसुद्धा जन्मले नव्हते. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हे पान सह्याद्रीच्या जवळजवळ चौपट वयाचं. एका दलदलीत ते झाड उभं होतं. त्याची पानं, फांद्या, खोडं चिखलात पडत गेली. चिखलाखाली हवा नाही, म्हणून ती पूर्ण कुजली नाहीत. वर वाळूचे, मातीचे थर साचले, दाब वाढला, उष्णता वाढली आणि हळूहळू कोळसा झाला. त्या झाडानं तेव्हाचं ऊन पिऊन ठेवलं होतं. चंद्रपूरच्या भट्टीत आपण तेच ऊन सोडवून घेतो.

समुद्राखालचं तेलही त्याच जातीचं, फक्त झाडांऐवजी समुद्रातल्या बारीक जिवांपासून झालेलं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय इथे ते 1974 साली सापडलं.

आता एक सांगा, पेव कुणी पाहिलंय? तुमच्या आज्या-पणज्यांना माहीत असेल. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात ज्वारी साठवायचे, तोंड मातीनं लिंपून टाकायचे. सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांत हळद ठेवायचे. पेव कितीही मोठं असलं तरी ते आपोआप भरत नाही. कुणीतरी भरलं म्हणून आपण काढतो. विहिरीचं मात्र तसं नाही. संध्याकाळी उपसा केलात तरी झरे वाहते असतील तर सकाळी पाणी पुन्हा वर आलेलं असतं.

कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, तारापूरला 1969 पासून वापरात असलेलं युरेनियम, ही सगळी पेवं. ऊन, वारा, वाहतं पाणी, गोबरगॅस, लाकूड या विहिरी. पुस्तकात यांना अनवीकरणीय आणि नवीकरणीय म्हणतात. परीक्षेत तेच लिहा, पण मनात विहीर आणि पेव ठेवा. काही पुस्तकांत 'पारंपरिक' आणि 'अपारंपरिक' असे शब्द येतात. मला ते पटत नाहीत. शिडाच्या होडीला वारा ढकलत होता तेव्हा कोळशाच्या खाणी कुठे होत्या? वारा तर सगळ्यांत जुना गडी.

अजून एक घोटाळा होतो. बऱ्याच मुलांना वाटतं, धूर होतो ते संपणारं आणि धूर होत नाही ते न संपणारं. तसं नाही. युरेनियमचा धूर होत नाही, तरी ते पेवच. चुलीतल्या लाकडाचा धूर तुमच्या आईच्या डोळ्यांत जातो, तरी लाकूड विहिरीतलं. पण याच लाकडाची झाडं वाढतात त्याहून भराभर तोडली तर डोंगर बोडका होतो. झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला की विहीरही तळ दाखवते. म्हणून नुसतं नाव पाठ करू नका. भरतं किती वेगानं आणि आपण काढतो किती वेगानं, हे विचारत जा.

कोयनेचंच बघा. नदी इथून कऱ्हाडला जाते, कृष्णेला मिळते. पण विजेसाठी तिचं पाणी आपण उलट वळवतो, पश्चिमेला. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते चारशे मीटरहून जास्त खाली कोकणात, पोफळीकडे कोसळतं. तिथे उभं राहिलं की पायाखालची फरशी थरथरते. मला रोज वाटायचं, हे पाणी कुणी वर चढवलं? सूर्यानं. समुद्राचं पाणी तापवून, ढग करून, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर सह्याद्रीपर्यंत आणून. दर पावसाळ्यात शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पुन्हा भरतो. तरी ते पाणी वाटेल तेवढं पश्चिमेला नेता येत नाही. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची, म्हणजे 67.5 अब्ज घनफुटांची, मर्यादा घातली आहे, कारण खाली पूर्वेच्या शेतांनाही पाणी लागतं. आणि याच पाण्याखाली गावं गेली, घरं गेली, देवळं गेली. तुमच्यातल्या काहींचे आजोबा त्या गावांतले असतील. विहीर खणतानाही कुणाची तरी जमीन जाते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

वारा आणि ऊन यांची अडचण वेगळी. ते आपल्या वेळेनं येतात. पठारावरची पाती आषाढात गरागरा फिरतात, दिवाळीनंतर मंदावतात. पॅनेलचं उलट, वैशाखात भरपूर वीज, भरल्या आभाळात कमी. रात्री तर नाहीच. मग साठवायचं कसं? एक युक्ती घाटघरला आहे. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज उरली की पंपानं पाणी वर चढवायचं, गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला लागते तेवढी पूर्ण परत मिळत नाही, पण मोठा भाग मिळतो. उद्या दुपारच्या उन्हाची वीज संध्याकाळी वापरायची तर अशी ठिकाणं खूप लागतील. तुमच्यातल्या कुणीतरी ती बांधावीत, असं मला मनापासून वाटतं.

विचार बाळ, काय विचारायचंय? ... छान प्रश्न आहे. ही म्हणते, "डोंगरावरच्या पवनचक्कीची वीज आमच्याच घरी येते का?"

नाही गं, तशी वेगळी काढता येत नाही. सगळ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात जाते. ओढे नदीत मिसळल्यावर ओंजळीतलं पाणी कुठल्या ओढ्याचं, हे सांगता येतं का? आत्ता या वर्गातल्या पंख्यात वाराही आहे, कोयनाही आहे आणि त्या जिभेसारख्या पानांचं ऊनही आहे. पण एक गंमत ऐक. जुना 75 वॅटचा पंखा तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट होतं आणि कोळशापासून एक युनिट करायला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. वारा किंवा ऊन वापरलं नाही तर वाया जातं, म्हणून त्यांची वीज शक्यतो आधी घेतात. मागणी घटली की सहसा कोळशाची भट्टी मंद करतात. म्हणजे मधल्या सुट्टीत तू रिकाम्या वर्गाचा पंखा बंद केलास, तर डोंगरावरची पाती कुणी थांबवत नाही. तिकडे दूर चंद्रपुरात चिमूटभर कोळसा जळायचा राहतो.

तो दगड कुणाकडे आहे? हां, तुझ्याकडे. राहू दे, सगळ्यांचा बघून झाला की दे.