पिसांचा चेंडू

चामड्यात पिसे भरून बनवलेला हा पिवळट पडलेला, जरासा लांबुळका गोल्फचा चेंडू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. त्याच्या चामड्यावरचा ‘ॲलन’ हा ठसा अजून वाचता येतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावच्या ॲलन रॉबर्टसनला गोल्फचा पहिला व्यावसायिक खेळाडू मानले जाते. तो पैजेचे सामने खेळत असे, पण चेंडू बनवून विकणे हाच त्याचा पिढीजात धंदा होता. म्हणूनच सुरुवातीच्या व्यावसायिक गोल्फच्या दुर्मीळ वस्तू जमवणाऱ्याने चषक-पदकांच्या आधी या चेंडूपाशी थांबले पाहिजे.

आता असा चेंडू बनवणाऱ्या कारागिराचे हे हात पाहा. प्रात्यक्षिक आजचे आहे, पद्धत मात्र तेव्हाचीच. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या चामड्याचे तुकडे मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात, मग पिशवी उलटवून शिवण आत घेतात आणि एक बारीकसे तोंड तेवढे उघडे ठेवतात. उंच साहेबी टोपी काठोकाठ भरेल इतकी पिसे उकळून घेऊन सळईने त्या तोंडातून आत कोंबायची असतात, आणि पिसे जाईनाशी झाली की कारागीर सळईची आडवी मूठ छातीला टेकवून सगळा भार तिच्यावर टाकतो. तोंड शिवून झाल्यावर खरी करामत होते ती वाळताना: आतली पिसे फुगतात, बाहेरचे चामडे आकसते आणि या दुहेरी दाबाने चेंडू टणक होतो. त्यानंतर ठोकून गोलाई आणायची, पांढरा रंग द्यायचा आणि कर्त्याचा ठसा उमटवायचा. कसबी माणसाच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू होत. 1844 या एका वर्षात रॉबर्टसनच्या कारखान्यातून असे 2,456 चेंडू बाहेर पडले.

तरीही आज ते दुर्मीळ आहेत, कारण पावसात शिवण भिजून उसवे आणि लोखंडी काठीचा एक चुकीचा फटका चामडे फाडून टाकी. त्यातच 1848च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून बनणारा, कितीतरी स्वस्त असा गटापर्चाचा चेंडू आला. रॉबर्टसनने त्याला कडाडून विरोध केला. त्याच्या हाताखाली तयार झालेला टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळताना दिसला तेव्हा दोघांचे बिनसले, आणि 1851 साली मॉरिस स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविक गावी निघून गेला. पिसे भरणाऱ्यांचा धंदा थोड्याच वर्षांत बसला.

हा लाल चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा त्या प्रेस्टविकचा. 1859 साली रॉबर्टसन वारला, आणि आता सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी 1860 साली तेथे आठ व्यावसायिक खेळाडू एकत्र आले. विली पार्कने 174 फटक्यांत पट्टा जिंकला. तीन वेळा सलग जिंकणाऱ्याने तो कायमचा ठेवावा असा नियम होता, आणि मॉरिसच्या मुलाने, धाकट्या टॉमने, 1868 ते 1870 अशी तीन वर्षे जिंकून तो घरी नेला. बक्षीसच न उरल्यामुळे 1871 साली स्पर्धा झाली नाही. 1908 साली मॉरिसच्या नातवंडांनी पट्टा सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या हवाली केला, म्हणून तो लिलावात फिरत राहिला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

बाकीच्या वस्तू मात्र बाजारात येतात. या लांब तोंडाच्या काठ्या पाहा: डोक्याच्या मागे ओतलेले शिसे, तळाच्या कडेला बसवलेली मेंढ्याच्या शिंगाची पट्टी, आणि दांडा व डोके यांच्या तिरक्या सांध्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा. ह्यू फिल्प या कारागिराच्या नावाचे खोटे ठसे पूर्वीपासून आढळतात, त्यामुळे जाणकार संग्राहक नावाआधी हा सांधा आणि ही पट्टी तपासतो. जुन्या वस्तूला नवे रोगण लावणे किंवा तो दोरा बदलणे म्हणजे तिचा पुरावाच पुसून टाकणे होय.

2007 साली न्यूयॉर्कच्या लिलावात अँड्र्यू डिक्सन या जुन्या कारागिराच्या काठीला 1,81,000 डॉलर मिळाले. ठसा पुसट झालेल्या किंवा मुळातच नसलेल्या पिसांच्या चेंडूंना त्या मानाने फार कमी किंमत येते. टाका, चामडे आणि पिसे त्यांच्यातही तीच आहेत, आणि संग्रहात त्यांनाही जागा मिळायला हवी.