प्लॅनर हेडफोनला केबल किती लागते?

मंडळी, सोलापुरात तारेच्या गेजचा हिशेब समजावायला वेळ लागत नाही. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं, हे मागावर बसणाऱ्या घरात पोरालाही ठाऊक असतं. तारेचं तसंच आहे. २४ गेज जाड, २६ त्याहून बारीक, २८ आणखी बारीक. फक्त एक काळजी घ्या. आपल्याकडे मोटर वाइंडिंगच्या दुकानात एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) चालतं आणि हेडफोनच्या केबलवर एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) छापलेलं असतं. २४ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.५६ मिमी जाडीची तार, २४ एडब्ल्यूजी म्हणजे ०.५१ मिमीची. दुकानदार चौरस मिमीत बोलत असेल तर ०.२ म्हणजे साधारण २४ एडब्ल्यूजी आणि ०.१३ म्हणजे २६, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हेडफोन घेतला, अँप्लिफायर घेतला, आता केबलवर किती खर्च करायचा? प्लॅनर हेडफोनच्या बाबतीत याचं उत्तर इतर हेडफोनपेक्षा जास्त ठामपणे देता येतं. त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे.

साध्या डायनॅमिक हेडफोनमध्ये शंकूच्या मागे तारेचं गोल वेटोळं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत पुढेमागे हलतं. त्या हालचालीला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते आणि तिथे इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण अडथळा, वर चढतो. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा म्हणून विकला जातो, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या घरात जातो. प्लॅनरमध्ये वेटोळं नाही. अतिशय पातळ पडदा, त्यावर नागमोडी धातूचे पट्टे आणि पडद्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना चुंबकांच्या रांगा. वीज पडदाभर वाहते आणि अख्खा पडदा एकदम ढकलला जातो. विजेच्या नजरेतून पाहिलं तर हा जवळजवळ शुद्ध रेझिस्टन्स आहे. २० हर्ट्झला जेवढे ओहम, २० हजार हर्ट्झलाही तेवढेच. यामाहाने १९७६ साली एचपी-१ हा प्लॅनर हेडफोन आणला, तेव्हापासून हा गुण तसाच आहे.

याचा केबलशी संबंध काय? केबलचा रेझिस्टन्स हेडफोनच्या मागे ओळीत बसतो आणि व्होल्टेजची वाटणी होते. हेडफोनचा इम्पिडन्स कंपनसंख्येप्रमाणे बदलत असेल तर ही वाटणीही बदलते आणि सुराचा तोल सरकतो. प्लॅनरचा इम्पिडन्स सपाट, म्हणून वाटणीही सगळीकडे सारखी. बारीक केबल लावली तर बास कमी होत नाही, ट्रेबल मऊ होत नाही. सगळा आवाज एकसारखा, थोडासा खाली येतो.

किती खाली, ते आकड्यात पाहू. २६ एडब्ल्यूजी तांब्याची तार दर मीटरला सुमारे ०.१३४ ओहम. तीन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.८ ओहम. ऑडिझी एलसीडी-एक्सचा इम्पिडन्स २० ओहम. यात आवाज ०.३४ डेसिबलने उतरतो. तोच एलसीडी-५ असेल, तो १४ ओहमचा, तर जवळपास अर्धा डेसिबल. आता २४ गेजची दोन मीटरची केबल घ्या, एकूण ०.३४ ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनवर घट ०.०९ डेसिबल, म्हणजे काहीच नाही.

हा अर्धा डेसिबल नीट समजून घ्या, कारण बहुतेक गैरसमज इथेच जन्माला येतात. अर्धा डेसिबल आवाज वाढला तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त तपशीलवार’, ‘बास भरीव’ असा वाटतो. जुनी लांब बारीक केबल काढली, नवी आखूड जाड लावली आणि व्हॉल्यूमची चकती तशीच ठेवली, तर सुधारणा खरोखर ऐकू येते. पण ती चकती केसभर फिरवूनही मिळाली असती.

चांदीच्या केबलचा प्रश्न नेहमी येतो. चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. गेज एका आकड्याने जाड केला की रेझिस्टन्स वीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे २५ गेजची तांब्याची तार २६ गेजच्या चांदीला सहज मागे टाकते. राहिला कॅपॅसिटन्स, म्हणजे दोन तारांमध्ये वीज साठण्याचा गुण. तो मीटरला २०० पिकोफॅरड धरला, दोन मीटर केबल आणि ३२ ओहम, तरी ट्रेबल कापायला सुरुवात १२ मेगाहर्ट्झला होईल. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. म्हणून प्लॅनरसाठी चांदीच्या केबलवर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

मग केबल कशीही चालते का? मुळीच नाही. पण तिचं काम वेगळं आहे.

पहिलं काम जोडाचं. ऑडिझी एलसीडी मालिका आणि मेझे एम्पिरियन यांना चार पिनांचा मिनी एक्सएलआर लागतो. हायफायमॅनच्या आताच्या बहुतेक मॉडेलना दोन्ही बाजूंना ३.५ मिमी, मधल्या काळातल्यांना २.५ मिमी, आणि जुन्या एचई-६ला आटे असलेला एसएमसी. डॅन क्लार्क कंपनीच्या हेडफोनचा जोड हिरोसेचा, कुलूप बसणारा. जोड बाहेरून सारखा दिसला म्हणून आतली जोडणी सारखीच असेल असं धरू नका. नवी केबल आली की हेडफोनला लावण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि प्रत्येक पिन कुठे जाते ते कागदावर लिहा. अँपकडच्या बाजूला नियम पक्का आहे. चार पिनांच्या एक्सएलआरमध्ये १ डावा धन, २ डावा ऋण, ३ उजवा धन, ४ उजवा ऋण. ४.४ मिमीमध्ये टोकापासून याच क्रमाने, आणि शेवटी ग्राउंड. ६.३५ मिमीमध्ये टोक डावा, मधली रिंग उजवा, आणि मूळ म्हणजे दोघांचा सामाईक परतीचा मार्ग.

इथे एक धोका आहे, तो सगळ्यांनी लक्षात ठेवा. बॅलन्स्ड केबलला (जिच्यात डाव्या-उजव्याचे ऋण वेगळे असतात) अॅडॅप्टर लावून साध्या ६.३५ मिमीच्या सॉकेटमध्ये घालणं सुरक्षित आहे. त्याच्या उलट, ६.३५ मिमीची साधी केबल अॅडॅप्टरने बॅलन्स्ड सॉकेटमध्ये घालणं अजिबात नाही. तसं केलं की डावा ऋण आणि उजवा ऋण एकमेकांना शॉर्ट होतात. बॅलन्स्ड अँपमध्ये त्या दोन्ही जिवंत आउटपुट असतात. अँपचा आउटपुट भाग जळू शकतो. असा अॅडॅप्टर बाजारात मिळतो, म्हणून तो वापरण्याजोगा ठरत नाही.

दुसरं काम चॅनेल वेगळे ठेवण्याचं. स्वस्त केबलमध्ये वाय-जोडाच्या (दोन कपांच्या तारा एकत्र येतात त्या जागेच्या) खाली तीनच तारा असतात, परतीची तार सामाईक. ती ०.४ ओहमची असेल आणि हेडफोन ३२ ओहमचा, तर डाव्याचा आवाज उजव्यात सुमारे ३८ डेसिबल खाली झिरपतो. चार तारा प्लगपर्यंत वेगळ्या आणल्या की हा प्रश्न संपतो. केबल घेताना एवढं विचारा.

तिसरं काम निव्वळ वापरातल्या सोयीचं. कडक केबल शर्टावर घासली की खरखर थेट कपापर्यंत येते. जड केबल कप खाली ओढते. टेबलावर ऐकायचं तर दीड ते दोन मीटर पुरे, वाय-जोडाच्या वर ४० ते ४५ सेंटिमीटर. वर जागा कमी पडली की मान वळवताना एक कप खेचला जातो.

घरी केबल करायची असेल तर मोगामी २५३४ किंवा कॅनारे एल-४ई६एस घ्या. मायक्रोफोनची चार तारांची केबल, बाहेरून ६ मिमी. शील्ड, म्हणजे तारांभोवतीची धातूची जाळी, हेडफोनच्या बाजूला जोडू नका, कापून टाका. प्लग न्यूट्रिक किंवा रीनचे. सोल्डर ६३/३७ (कथील-शिसं), सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश, प्रत्येक पिनवर दोन-तीन सेकंद. जास्त वेळ टेकवलीत तर मिनी एक्सएलआरचं प्लॅस्टिक मऊ होतं, पिन तिरकी होते आणि नंतर जोड घट्ट बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे सोल्डर करताना समोरचा जोड आत घालून ठेवायचा, तो पिना सरळ धरतो. प्लगचं टोपण आणि हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधी तारेवर ओवा. हे विसरलं की केलेलं सगळं उकलावं लागतं.

तयार केबलचा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नका, त्याच्या वायरचाच ०.२ ते ०.५ ओहम असतो. दुसरी रीत सोपी आहे. हेडफोन काढून ठेवा. केबलच्या कपाकडच्या टोकाला एका बाजूचे धन-ऋण क्लिपने शॉर्ट करा. पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरमधून ४७ ओहम, २ वॅटच्या रेझिस्टरमार्गे साधारण १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडा. आता केबलवरचं व्होल्टेज आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज दोन्ही मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि ४७ने गुणा. केबलवर ८४ मिलिव्होल्ट आणि रेझिस्टरवर ४.९२ व्होल्ट आले तर केबल ०.८ ओहमची. अशाने दोन केबलमधला आवाजाचा फरकही भरून काढता येतो. २० ओहमच्या हेडफोनला ०.८ ओहमची केबल असेल तर अँपवर ४ टक्के जास्त व्होल्टेज, ०.३४ ओहमची असेल तर १.७ टक्के. तेवढं जुळवून दुसऱ्याला केबल बदलायला सांगा, आपण पाठ करून बसा. सोळापैकी बारा वेळा ओळखता आली तर विचार करण्यासारखं आहे. निव्वळ अंदाजाने तेवढं येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी.

आता हेडफोनची आपापसात तुलना. इथे फरक खरे आणि मोठे आहेत, म्हणून वेळ आणि पैसा इथे घाला.

सगळ्यात आधी ताकद. ११० डेसिबलच्या शिखरासाठी काय लागतं ते पाहा. एलसीडी-एक्स, १०३ डेसिबल प्रति मिलिवॅट, २० ओहम: ५ मिलिवॅट, म्हणजे ०.३२ व्होल्ट. हायफायमॅन सुंदारा, ९४ डेसिबल, ३७ ओहम: ४० मिलिवॅट, १.२ व्होल्ट. हायफायमॅन सुस्वारा, ८३ डेसिबल, ६० ओहम: अर्धा वॅट, साडेपाच व्होल्ट. एलसीडी-एक्सला फोनला लावायचा छोटा हेडफोन-डोंगल पुरतो, सुस्वाराला भक्कम अँप लागतो. तिन्ही एकाच डोंगलवर ऐकून ‘सुस्वारा पातळ वाजतो’ असा निर्णय देणं हा त्या हेडफोनवर अन्याय आहे. कंपन्यांची मोजण्याची रीतही एकसारखी नसते, तेव्हा दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे धरा.

मग आवाज जुळवा. ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित पिंक नॉइज (तपासणीसाठीचा सलग खरखर आवाज) लावा. जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात फोनचा माइक बसवा, त्यावर कप दाबून ठेवा आणि दोन्ही हेडफोन शक्य तितके जवळ, निदान एक डेसिबलच्या आत आणा. हे न करता केलेली तुलना म्हणजे मोठ्या आवाजाची निवड.

पॅडकडे लोक कमी लक्ष देतात, आणि प्लॅनरमध्ये पॅडच सगळ्यात जास्त आवाज बदलतो. दबलेलं, भेगाळलेलं पॅड असलेला जुना नमुना आणि नवा नमुना यांची तुलना होऊच शकत नाही. चष्म्याची काडी पॅडखाली फट पाडते, त्यातून खालचा बास निसटतो. चष्मा लावून ऐकणार असाल तर चष्मा लावूनच तपासा. एलसीडी मालिकेचा कप कानावर घट्ट दाबला की पडदा कुरकुरल्यासारखा आवाज येतो. आत कोंडलेल्या हवेने पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. हेडफोन हळूच चढवा, तळहाताने दाबू नका.

ऐकायला तानपुरा घ्या, एकट्या तानपुऱ्याची जवारी. चुंबकांच्या रांगा कानासमोर येतात, त्यांच्या कडांवरून आवाज विस्कटतो आणि ट्रेबलमध्ये खाचा पडतात. ऑडिझीचे फेझर, हायफायमॅनचे गोलाईदार ‘स्टेल्थ’ चुंबक हे त्यावरचेच उपाय. जवारीत वरचे स्वर सलग वाटतात की मधेच गळतात, ते लगेच कळतं. मग डग्ग्याची मींड. प्लॅनरची खरी ताकद तिथे दिसते, मींड खाली उतरताना आवाज फुगत नाही. शेवटी हलगी. काठीचा तडाखा आणि चामड्याची घुमार वेगवेगळी ऐकू यायला हवी. आणि एकाच माणसाचा आवाज मोनोमध्ये लावा. तो डोक्याच्या मध्यावर येत नसेल, पोकळ आणि दोन्हीकडे पसरलेला वाटत असेल, तर केबलमध्ये एका बाजूचे धन-ऋण उलटे लागले आहेत.

वजन तासभर घालूनच कळतं. एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅम, सुस्वारा ४५०, एलसीडी-५ ४२०, सुंदारा ३७२. दुकानातल्या पाच मिनिटांत ६१२ ग्रॅम जाणवत नाहीत. दुसऱ्या तासाला मानेला जाणवतात.

घेतल्यानंतर हेडफोन कसा सांभाळायचा, हे सोलापुरात फार महत्त्वाचं आहे. आपल्या हवेत सुताची तुसं उडतात, शहराच्या पूर्व भागात तर जास्तच. उघड्या पाठीच्या हेडफोनच्या जाळीतून ती आत जातात आणि पडद्याला चिकटली की ठरावीक सुरावर झिणझिण येते. व्हॅक्यूम क्लीनर किंवा हवेची फुंकणी कधीही मारू नका, पडदा ताणून फाटतो. ऐकून झालं की डब्यात ठेवायचा, टेबलावर उघडा नाही. त्याच टेबलावर स्क्रू, टाचण्या, लोखंडाचा कीस ठेवायचा नाही, ते चुंबक जाळीतून ओढून घेतात. आणि मे महिन्यात गाडीत ठेवायचा नाही. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद गाडीत पॅडचा गोंद सुटतो आणि नकली चामड्याचे पापुद्रे निघायला लागतात. घामाने ओलं झालेलं पॅड कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि डबा बंद करण्याआधी पंख्याखाली वर जाळीदार कापड टाकून अर्धा तास ठेवा.