चालते का बघू नका, थांबते का बघा

श्रोतेहो, नमस्कार.

2018 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक जुनी जीप विकत घेतली. महिंद्राची एमएम 540. डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. गगनबावड्याच्या वाटेवर एका उसाच्या रानाकडेला, आंब्याखाली ती उभी होती आणि तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसल्या होत्या. मालकांनी तिच्यातून दुधाची कॅनं वाहिली, खताची पोती वाहिली, दोनचार वऱ्हाडंही वाहिली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हातात पाना धरायची हौस लहानपणापासून, अनुभव मात्र स्कूटरचा प्लग पुसण्यापुरता.

गाडी बघायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले ओळखीचे एक मेस्त्री सोबत आले होते. मी कोंबड्या हाकलून, बॉनेट उघडून इंजिन न्याहाळत बसलो. मेस्त्री सरळ मातीत उताणे झोपले आणि गाडीखाली सरकले. खालूनच आवाज आला, "सर, चालतीय का बघू नका. थांबतीय का बघा. आन् चेसिस हाय का न्हाई ते बघा."

बाजारात मडकं वाजवून घेतात ना, तसं ते छोट्या हातोडीनं चेसिसचं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, चॅनेल वाजवत होते. ठण्ण आवाज आला की पुढं. बद्द आवाज आला की तिथं खडूची खूण. पाट्याचे शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे टांगते दुवे, जिथं चेसिसला धरतात ती जागा, मागच्या बंपरच्या आत चिखल साठतो ती जागा, मॅटखालचा फ्लोअरचा पत्रा. जुन्या जीपचं इंजिन मरत नाही हो, ते नीट होतंच. जीप मरते ती साठलेल्या पाण्यानं. गगनबावडा म्हणजे पावसाचं आगर, त्यामुळे फ्लोअरमधून खालचं गवत दिसत होतं. पण चेसिस वाजत होती. मेस्त्री म्हणाले, कोकणात किनाऱ्यावर राबलेली गाडी असती तर फुकट दिली तरी घेऊ दिली नसती. खारं वारं चॅनेलला आतून खातं, बाहेरून रंग तसाच.

आणखी एक गोष्ट त्यांनी तिथंच केली. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडून पाहिले. हे आधी करा. सौदा झाल्यावर नंबराच्या जागी गंजाचा पापुद्रा निघाला, तर तुमच्याकडं गाडी नाही, भंगार आहे.

आता थोडं या जीपच्या खानदानाविषयी. विज्ञानाचा मास्तर इतिहासात शिरतोय, सांभाळून घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्ध संपलं तसं विलीजनं 1945 मध्ये तीच गाडी शेतकऱ्यासाठी काढली. सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप. नांगर ओढायचा, पंप चालवायचा, बाजाराला जायचं, सगळं एकाच यंत्रानं, अशी जाहिरात. महिंद्रानं 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढं आपल्याकडं मामलेदाराची, साखर कारखान्याच्या शेती खात्याची, निवडणुकीच्या प्रचाराची म्हणून जी उंच बॉनेटवाली जीप आपण पाहिली, ती सीजे थ्री बी. बॉनेट उंच का, तर आतलं नवं पेट्रोल इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं आणि ते बसेना. शोभेसाठी कुणी काही केलेलं नव्हतं. माझ्या जीपमध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन आहे. म्हणजे अमेरिकी सांगाडा, फ्रेंच काळीज आणि दूध गगनबावड्याचं.

तिच्या गिअरच्या दांडक्याशेजारी आणखी दोन छोटी दांडकी असतात. नवशिक्याला तीच भुरळ घालतात. एकानं पुढच्या चाकांना ताकद जोडता येते, दुसऱ्यानं लो गिअर पडतो. लो मध्ये चाकाचा वेग जवळजवळ अडीचपट घटतो आणि जोर तितकाच वाढतो. जोर कुठून येतो असं मुलं विचारतात; अहो, आपल्या रहाटानं पाणी ओढताना हळू हळू का होईना भरलेली घागर वर येते, तसाच. पण ही फोर व्हील कोरड्या डांबरावर कधी टाकायची नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात, आणि या जुन्या रचनेत चाकांकडं ताकद नेणारे पुढचा न् मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरून हिशोब मिटवतं. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ गिअरच्या दात्यांवर येतो. जुन्या गाडीचं दांडकं अडकून बसलंय असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, शेवटचं कुठं चालवली होती?

तर जीप ट्रकवर घालून घरी आली, आणि मी ती चूक केली जी घरी जीप करायला घेणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो. सगळी खोलली.

खोलण्यात विलक्षण सुख असतं. दर रविवारी काहीतरी मोठं निघतं, अंगणात मांडता येतं, शेजारी बघायला येतात. आईची पिठाची परात काळं ऑइल धरायला गेली, ती परत स्वयंपाकघरात गेली नाही. नटबोल्ट मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत होतो, झाकणावर नाव लिहून. 2019 च्या होळीला माझ्या अंगणात विटांवर टेकवलेली चेसिस होती, भिंतीला टेकलेली बॉडी होती, गोणपाटावर गिअरबॉक्स होता, आणि पंचेचाळीस डबे. फोटो छान आले. त्यानंतर मात्र माझा उत्साह ओसरला. जोडायला घ्यावं तर सुरुवात कुठून, हेच कळेना. मे महिना कडक उन्हाच्या नावाखाली गेला, जून शाळा सुरू होण्याच्या.

ऑगस्टमध्ये पंचगंगा आली. कोल्हापूरकरांना त्या पुराविषयी मी काय सांगणार! 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या अंगणात कमरेइतकं. गल्लीतली चालती वाहनं लोकांनी आदल्या संध्याकाळी चढावर नेऊन लावली. ज्या गाडीचा जन्मच चिखलपाण्यासाठी, ती माझ्या अंगणात चाकांशिवाय विटांवर बसून होती. आम्ही वरच्या मजल्यावरून बघत होतो आणि हलके हलके डबे झाकणासकट तरंगत फाटकाकडं निघाले होते. "स्टिअरिंग" लिहिलेला डबा मला शेवटचा दिसला. नंतर तो तीन घरं पलीकडं पेरूच्या झाडात सापडला. बाकी अकरा डबे अजून पंचगंगेकडं आहेत.

पाणी ओसरल्यावर गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, तर ते दूध घातलेल्या चहासारखं. मेस्त्री आले, बघितलं, आणि ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सर, ती चालती ठेवायची हुती. एक करा, फिरवून बघा, मग दुसरं करा."

मला या भाषणात सांगायचंय ते एवढंच. जीप पूर्ण सुटी करून, सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज उडवून, नव्यासारखी जोडणारे लोक आहेत. त्यांच्याकडं छप्पर आहे, माणसं आहेत, पैसाही आहे. तुमच्याआमच्याकडं रविवार आहेत. रविवारी करणाऱ्यानं गाडी दर महिन्याला एकदा तरी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ब्रेकवर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली पाहिजे, एवढंच काम एका वेळी उघडावं.

दुसऱ्या खेपेला पहिला नंबर ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि उभ्या गाडीत त्या पाण्यानं व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज सगळं नवं घातलं, नळ्याही बदलल्या. यात काटकसर करू नका. ड्रम काढताना मात्र एक सावधगिरी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून आतली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायची, नाकावर चांगला मास्क. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, लोखंडी घोड्या लावा. जॅकचं सील कधी सुटेल ते जॅकलाही ठाऊक नसतं.

मग स्टिअरिंग. सांधे, बुश, आणि पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग. जुनी जीप ठरावीक वेगाला पुढून थरथरायला लागते, तिला मेस्त्री लोक वॉबल म्हणतात. पुष्कळ जण लगेच टायर बदलतात. दोष बहुतेक वेळा या झिजलेल्या सांध्यांत असतो. मग डिझेलची टाकी, तिच्या तळाशी चमच्यानं काढावा असा गाळ. लाइन उघडली की हवा शिरते, ती पंपावरून हातानं काढावी लागते, नाहीतर स्टार्टर मारून बॅटरी बसते. वायरिंगविषयी फारसं सांगत नाही. आधीच्या चार मालकांनी जोडलेल्या वायरी उपसून एकच नवा हारनेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, टाकला, आणि सुटलो.

पत्र्याचं काम शेवटी. आणि ते मी केलं नाही. फ्लोअरला 18 गेजचा पत्रा वेल्डिंग करून घेतला, कारण माझं वेल्डिंग पाहून मेस्त्रींनी स्वतःहून मशीन बंद केलं होतं. एक मात्र मी हट्टानं केलं नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गंज झाकला नाही. लांबीखाली गंज दुप्पट जोमानं वाढतो, आणि दोन पावसाळ्यांनी फोड येतात. सडलेला पत्रा कापायचाच.

कागदपत्रांचंही याच काळात बघा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण. इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आधी परवानगी, नंतर बदल. उलटा क्रम करून बसलेले लोक मला भेटलेत. पन्नास वर्षांपलीकडच्या मूळ रूपातल्या गाड्यांना 2021 पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती रोज वापरता येत नाही. माझी जीप त्या वयाची नाही, आणि मला ती भाजी आणायलाच हवी होती.

2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं. त्या संध्याकाळी जीपला दरवाजे नव्हते, वरचा कापडी हूड नव्हता, अंगभर नुसता रेड ऑक्साइड, म्हणजे गंज थांबवायचा लाल अस्तर रंग. इंजिन तापवायचा हीटर धरला, वीस आकडे मोजले, स्टार्टर दिला. तिसऱ्या खेपेला काळा धूर सोडून ती उठली. पाणी अजून गल्लीच्या तोंडाशीच होतं. आमची माणसं, शेजारचे गॅसचे सिलिंडर, कुणाची शिलाई मशीन, एक पिंजऱ्यातला पोपट, असं भरून राजारामपुरीच्या चढावर चार खेपा केल्या. पाऊस कोसळत होता. शेवटच्या खेपेला शेजारच्या आजी पुढं बसल्या होत्या. डावा वायपर चालत नाही, तो आतून दांडीनं हातानंच फिरवावा लागतो, ते काम मी त्यांच्याकडं दिलं. चढ संपेपर्यंत आजी मन लावून वायपर फिरवत होत्या. उतरताना लाल झालेले तळहात पदराला पुसत त्यांनी विचारलं, "मास्तर, रंग कधी देणार हिला?"

अजून दिलेला नाही. बायकोला पांढरा हवा, मला हिरवा. वायपरही तसाच आहे.

नमस्कार.