मागची बॅटरी

(दृश्य: म्हापशातलं गॅरेज. मोटरहोमचं मागचं दार उघडं.)

मिस्त्री हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी, बॅटरीच्या एकेका सेलमध्ये बुडवतोय आणि आकडे मोठ्यानं वाचतोय. पाच सेलची ग्रॅव्हिटी १२५०. सहाव्याची ११३०.

"गेली ही, साहेब. आता रात्रभर चार्जिंगला लावून काय उपयोग नाय."

मोटरहोममध्ये इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी आणि फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप चालवणारी वेगळी. पुढची क्षणभर जोर लावते आणि सुटते. मागचीला रात्रभर राबावं लागतं. म्हणून तिथे साधी कारची बॅटरी टिकत नाही.

नवी कोणती घ्यायची, हे ठरवायला दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. ४५ वॅटचा बारा व्होल्टचा फ्रिज मे महिन्यात निम्मा वेळ जरी चालला, तरी दिवसाला ४५ अँपिअर-तास गेले. पंख्याचे २०. दिवे, मोबाईल, पंप मिळून १५. झाले ८०.

शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झरझर घटतं. म्हणजे ८० साठी १६० ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बरीच खाली उतरवली तरी चालते, म्हणून तिची १०० ची तेवढंच काम करते, आणि वजन साधारण १२ किलो. पहिली उचलायला दोघं लागतात.

त्यात गोव्याचा उकाडा. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी, तीही शिसं-आम्लाचीच, गाडीत बसवू नये ती याशिवाय आणखी एका कारणानं: चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि गाडीत आपण तिच्या शेजारीच झोपतो.

(दृश्य: बॉनेट उघडं. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर कॅमेरा.)

मग लिथियम आणायची आणि जुन्या जागी ठेवून द्यायची? इथेच लोक फसतात. लिथियम समोरून मिळेल तेवढा करंट ओढते. चोर्ला घाटात गाडी हळू चढतेय, अल्टरनेटरला पुरेसा वारा नाही, आणि हिची भूक काही भागत नाही. अल्टरनेटर जळायला दुसरं काय हवं? मधे ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की तो ओढ आवरतो. रिकामी झालेली बॅटरी भरायला मग तीनेक तास गाडी चालवावी लागते. जुन्या चार्जरमध्ये डीसल्फेशनचा (शिशाच्या पट्ट्यांवरचा थर काढायला जास्त व्होल्टेज देणारा) मोड असेल तर तो बंदच हवा; लिथियमला तेवढा व्होल्टेज सोसत नाही.

व्होल्टमीटरवर भिस्त ठेवू नका. लिथियमचा काटा १३.२ च्या आसपास तासन् तास बसून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. बॅटरीत आला-गेला तो करंट मोजणारा शंटवाला मॉनिटर घ्या. पैसे वाचवायचे तर सोलरच्या एका पॅनेलवर वाचवा, यावर नकोत. तसंही जून ते सप्टेंबर सोलरचा भरवसा नाहीच.

(दृश्य: टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड.)

खाऱ्या वाऱ्यानं हे व्हायचंच. खाण्याच्या सोड्याचं पाणी, ब्रश, आणि कोरडं झाल्यावर पेट्रोलियम जेली. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ असावा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर लिथियम अर्धी भरून मेन स्विच बंद करावा. शिसं-आम्लाची पूर्ण भरलेली हवी.

जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे टाकू नये. नवी देणाऱ्या दुकानदाराला द्यावी. शिशाला वजनावर भाव मिळतो, तेवढे पैसे बिलातून कापून घ्यावेत.