स्पंजाची गोळी, उजेडाची रेघ

[दृश्य: अंधारी खोली. एक हिरवट रेघ भिंतीकडे झेपावते.]

चाप ओढला. नळीत दिवा लखलखला, स्पीकरमधून अंतराळयुद्धाचा आवाज घुमला आणि ही रेघ भिंतीवर आदळली. भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. बंदूक खेळण्यातली; नळीतून सुटलं होतं जेमतेम ग्रॅमभर वजनाचं, फोमचं नळकांडं, म्हणजेच डार्ट.

या खेळण्याचा पूर्वज बंदूक नव्हे, चेंडू. १९७० साली अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स कंपनीनं ‘नर्फ’ नावाचा फोमचा चेंडू बाजारात आणला. कल्पना रेन गायर यांची; ट्विस्टर या खेळामागेही तेच. घरात खुशाल फेका, दिवे-काचा फुटणार नाहीत, हीच त्याची जाहिरात. डार्ट उडवणारी नर्फ १९९० च्या दशकात आली, पण मऊपणाची अट तीच राहिली.

[दृश्य: खेळण्याचं कवच उघडलेलं. स्प्रिंग आणि दट्ट्या.]

होळीच्या पिचकारीत असतो तसाच दट्ट्या आत आहे, फक्त पाण्याच्या जागी हवा. दांडा मागे ओढला की स्प्रिंग दबते आणि दट्ट्या खटक्यात अडकतो. चाप ओढताच खटका सुटतो, दट्ट्या पुढे धावतो आणि दाबली गेलेली हवा डार्टला मागून ढकलते. काही खेळण्यांत स्प्रिंगऐवजी उलटसुलट फिरणारी दोन चाकं डार्ट भिरकावतात. त्यांना मोटार लागते. स्प्रिंगवाल्याला उडवण्यासाठी सेल लागतच नाहीत. त्यात सेल घालायचे ते निव्वळ दिव्यासाठी आणि आवाजासाठी.

आणि हा दिवा नुसता शोभेपुरता नसतो. अंधारात चमकणाऱ्या डार्टच्या फोममध्ये प्रकाश साठवणारं द्रव्य असतं, बाजारात आपण ज्याला सर्रास ‘रेडियम’ म्हणतो तसलं. नळीतले किंवा मॅगझिनमधले (डार्ट भरायच्या कप्प्यातले) एलईडी डार्टवर उजेड पाडतात आणि डार्ट बाहेर पडतो तो चमकतच. उडणारी वस्तू दिसावी म्हणून तिला उडण्याआधीच प्रकाश पाजायचा! या खेळण्यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

[दृश्य: उंच मनोरा, त्याला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा.]

आता आवाज. अंतराळातल्या बंदुकीचा ‘प्यूं’ आज पोराटोरांच्याही तोंडी आहे. तो रुजवला १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नं. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी मनोऱ्याच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून तो मिळवला. लांब तारेतून उंच सूर आधी पोचतात, खालचे मागून येतात. म्हणून तो आवाज वरून खाली घसरत गेल्यासारखा ऐकू येतो. या चित्रपटाच्या खेळण्यांत असाच आवाज एका छोट्या चिपमध्ये साठवलेला असतो आणि चापाशी जोडलेला स्विच दाबला की वाजतो.

म्हणजे दणका हवेत नाहीच. तो डोळ्याला आणि कानाला दिलेला आहे. मुलाला थरार द्यायचा तर स्प्रिंग आणखी कडक करण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी शहाणा वाटतो.

तरी डोळ्याची गोष्ट वेगळी. २०१७ साली लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयाच्या डॉक्टरांनी अशा डार्टमुळे डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता, बाकी दोघं मोठी माणसं. डार्टचं टोक गालावर लागलं तर सहसा फारसं काही होत नाही, पण बुबुळाला तेवढा मारही पुरे होतो. म्हणून खेळताना सगळ्यांच्याच डोळ्यांवर गॉगल हवा, आणि नेम छातीच्या खाली.

[दृश्य: खोक्याची मागची बाजू, मग सेलचं झाकण.]

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. खोक्यावर ते चिन्ह आधी शोधा. मग सेलच्या कप्प्याचं झाकण स्क्रूनं घट्ट बसलंय का, ते बोटानं ओढून पाहा. बटणासारखे छोटे सेल असतील तर हे नक्कीच करा; लहान मूल ते गिळू शकतं.